शेवटच्या गोळ्याची चानकी

माझं माहेर गोदावरीच्या काठचं. माशाशिवाय रविवार कसा असतो, ते मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. मला ढोकीला दिलं तेव्हा घरच्यांनी सगळी चौकशी केली होती. मुलगा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर आहे, कॉलनीत पक्की खोली आहे, सासू शांत आहे, घरात दारू नाही. मासे मिळतात का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी लाजेनं गप्प बसले आणि पुढं पस्तावले. ढोकीत ऊस होता, मळीचा वास होता, धूळ तर मागाल तेवढी होती. मासा नव्हता.

माझं वाकडं झालेलं तोंड बघून नवऱ्यानं एका रविवारी मला एसटीत बसवलं आणि तलावावरच्या खानावळीत नेलं. पाण्याच्या अगदी काठावर बाभळीच्या मेढी रोवलेल्या, वर उसाचं पाचट. चालवणारी बाई भोयाची, पन्नाशीची, अंगानं काटकुळी आणि जिभेनं सढळ. तिला सगळे मावशी म्हणत. तिचा नवरा मच्छीमार सोसायटीत होता. सोसायटीला माल घालून जे उरे ते हिच्या चुलीवर येई. मरळ, वांब, कटला, आणि उन्हाळ्यात शिंपल्यांचं कालवण. शिंपले फक्त समुद्रातच होतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते कालवण खाल्लेलं नाही. गाळात हात घालून वेचलेले काळे शिंपले, त्यात भाजून दळलेला येसर मसाला, वरून चिंचेचा कोळ, आणि चुलीवरून थेट ताटात पडणारी ज्वारीची भाकरी. आता लिहितानाही माझ्या तोंडाला पाणी सुटलंय.

त्या खानावळीची एक पद्धत होती. बाकडी पाण्यातच रोवलेली असत. चपला काठावर काढायच्या, धोतर-पातळ वर घ्यायचं आणि पाय पाण्यात सोडून जेवायचं. वर ऊन रणरणत असलं तरी घोट्यापर्यंत गारवा. बारके मासे येऊन बोटांना लुचायचे. पाटबंधाऱ्याचे साहेब, ट्रकवाले, कारखान्यातले फिटर, सगळे विजारी गुडघ्यावर ओढून एका रांगेत बसलेले असत. अशा बसण्यात साहेबपणा टिकत नाही, म्हणून मला ती जागा जास्तच आवडायची. गिऱ्हाइकाला पाण्यात पाय हवे, म्हणून उन्हाळ्यात पाणी जसं मागं सरे तशी मावशी आपली चूल, बाकडी आणि पाचट उचलून पाण्याच्या मागं जाई.

आमच्या या रविवारांना घरातून एकच विरोध होता, तो सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या एरवी सुका बोंबील आवडीनं खात, पण या तलावातला मासा त्यांनी कधी शिवला नाही. कारण त्यांचं गाव त्या तलावाच्या पोटात होतं. गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला, ओढ्यालगत, आमची बौद्धांची वस्ती. तिथं त्यांच्या घरामागं त्यांची पहिली लेक पुरलेली होती. दीक्षा घेतली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. दुडुदुडु पळायला लागली होती, एवढंच वय. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर फुटक्या जात्याची तळी ठेवली होती. माझा नवरा तिच्यानंतरचा. लहानपणी तो त्या दगडावर बसला की मार खायचा, कशासाठी ते त्याला फार उशिरा कळलं.

धरण झालं तेव्हा लोकांनी दारं नेली, पत्रे नेले, देव नेले. आत्यांना लेक नेता आली नाही.

"एकदा डोळ्यांनी जागा बघायचीय मला," एवढंच त्या म्हणत. मी मासे खाऊन आले की नाक मुरडत, मला हात-पाय धुवायला लावत, आणि मग हळूच विचारत, "कुठवर आलंय पाणी?" देवळाचा कळस दिसला, शाळेची भिंत दिसली, असं मी सांगे. "आन् आपली वस्ती?" वस्ती दिसत नसे. गावानं आम्हाला सगळ्यात खाली बसवलं होतं, त्यामुळं बुडताना आम्ही पहिले आणि वर येताना शेवटचे.

मग तो ऐंशीच्या दशकातला दुष्काळ आला. ऊस वाळला, कारखाना लवकर बंद पडला, चिमणी गार झाली. कॉलनीत टँकर यायचा आणि बायकांची भांडणं दुपारपर्यंत पुरायची. नवऱ्याला काट्यावर काम उरलं नव्हतं, म्हणून रविवारची वाट न बघताही आम्ही तलावावर जायला लागलो. खानावळ दर खेपेला आणखी खाली गेलेली असे. आधी देवळाशी होती, मग शाळेच्या भिंतीपलीकडं, मग त्याच्याही खाली, जिथून धरणाची भिंत लांब आणि बारीक दिसायची.

त्या खालच्या जागी आम्ही पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी गिऱ्हाईक कुणी नव्हतं. भर दुपार होती. वारा पडलेला. पाणी इतकं स्थिर, की बाकड्यावर बसताना पाय घालायची मला भीती वाटली. सगळीकडून बारीक टक् टक् आवाज येत होता. मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, शिंपले वाळून तडकतायत. खरंच होतं. उघड्या पडलेल्या गाळात हजारो शिंपले तोंड उघडून मेले होते आणि उन्हानं तडकत होते. कारण कळलं, पण ऐकायचं थांबता येईना.

जेवता जेवता माझ्या पायाचा अंगठा कुणीतरी धरला.

मासा लुचतो तसं नव्हतं ते. धरला, आणि धरून ठेवला. लहान मूल उठून उभं राहायला आपलं बोट धरतं, तसा. मी पाय वर घेतला. पाणी गढूळ झालं आणि पुन्हा निवळलं. खाली काही नव्हतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो महिनाभर हसला असता, म्हणून मी पाय बाकड्यावर घेऊन मांडी घातली आणि खात राहिले.

तेवढ्यात मावशीनं माझ्या ताटाशेजारी एक चानकी आणून ठेवली. चानकी म्हणजे बारकी भाकरी. परातीत शेवटी थोडं पीठ उरलं की बायका लहान लेकरासाठी तळहाताएवढी भाकरी करतात, ती.

माझं डोकं फिरलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि माझी कूस रिकामी होती. कॉलनीतल्या बायकांची कुजबुज मी ऐकून घेत होते, पण पैसे देऊन जेवायला यावं आणि तिथंही टोमणा खावा, हे जास्त झालं. "मावशी, आमाला लेकरू न्हाय, तुमाला ठावं हाय," मी म्हणाले. "मग ही कुणाला?"

मावशीचा चेहरा उतरला. "तसं न्हाय वं ताई. तुमाला कशाला टोचून बोलू म्या? ह्या जागेवर आल्यापास्नं असंच होतंय. कितीबी पीठ मळा, शेवटचा गोळा बारकाच उरतोय. जास्त घेतलं तरी बारका, कमी घेतलं तरी बारका. भाकर थापून ठिवते. कुणी खाईना, मग पाण्यात सोडते."

"मासं खात असतील," नवरा म्हणाला.

"व्हय," मावशी म्हणाली. पण तिनं पाण्याकडं बघितलं नाही.

घरी आले ती मी धुसफुसतच. आत्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, पाणी कुठवर आलंय. मी पाण्याचं सांगायचं सोडून चानकीचंच गाऱ्हाणं सांगत बसले. भोयाची बाई कशी, आव कसा आणते, पीठ काय आपसूक कमी-जास्त होतं का. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आत्यांच्या हातातलं सूप थांबलंय.

"कुठल्या जागेवर हाय म्हणालीस खानावळ?"

मी सांगितलं. शाळेच्या भिंतीच्या खाली, ओढ्याच्या अंगाला.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "उद्या मला घिऊन चला."

नवऱ्यानं समजावलं. गाळ आहे, ऊन आहे, बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. मग त्याला आठवलं ते त्यानं बोलायला नको होतं, पण बोलला: तलावातला गाळ काढायचं काम निघतंय, दोन-चार दिवसांत ट्रॅक्टर लागतील, लोकं शेतात गाळ टाकायला नावं देतायत. आत्या उभ्या राहिल्या. "म्हंजे माझी लेक कुणाच्या तरी रानात पडंल," त्या म्हणाल्या. त्यानंतर कुणी काही समजावलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाच्या आधी आम्ही पोचलो. धरणाच्या भिंतीवरून उतरलो आणि उघड्या पडलेल्या तलावात चालायला लागलो. पायाखाली शिंपले फुटत होते. मी नवऱ्याचा हात धरून जपून चालत होते. आत्या पुढं होत्या आणि त्यांना वाट विचारावी लागत नव्हती. सपाट गाळ होता, कुठं एखादा जोत्याचा दगड, कुठं उभी राहिलेली नुसतीच चौकट. पण आत्या मध्येच उजवीकडं वळत, मध्येच कशाला तरी वळसा घालत. "हितं आड हुता," त्या न थांबता म्हणाल्या. आड बुजून गेला होता, तरी त्यांच्या पायांनी त्याचा काठ टाळला. एका ठिकाणी त्या वाकल्या, जसं कमी उंचीच्या दारातून जाताना वाकतात. तिथं दार नव्हतं, भिंत नव्हती, काहीच नव्हतं. मी मागून जात होते. मीही वाकले.

शाळेच्या वरच्या अंगाला एका मोठ्या जोत्यासमोर आल्यावर आत्यांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि तशाच चालायला लागल्या. तापलेला गाळ, फुटके शिंपले. मला वाटलं, चप्पल तुटली. "आत्या, काय झालं?" मी विचारलं.

त्या थांबल्या. हातातल्या चपलांकडं बघितलं. मग मोठ्या जोत्याकडं बघितलं. एकेकाळी त्या घरासमोरून आमच्या माणसांना पायात घालून जाता येत नसे. घर बुडालं, घरवाले शहरात गेले, आणि आत्यांच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. त्यांनी चपला खाली आपटल्या, पायात घातल्या आणि त्या जोत्यावर चढून, मधोमध चालत, पलीकडून उतरल्या. मला रडू आलं आणि हसूही आलं. नवरा मात्र खाली मान घालून चालत राहिला.

मग वस्ती आली. वस्ती म्हणजे काय, दगडांच्या चार-दोन ओळी. आत्यांची चाल मंदावली. त्या एकेक ओळ बघत होत्या आणि ओठातल्या ओठात घरं म्हणत होत्या, हे अमकीचं, हे तमकीचं. शेवटच्या ओळीपाशी थांबल्या. "हे आपलं," त्या म्हणाल्या.

समोर खानावळ होती. पाचटाच्या सावलीत मावशी चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

आत्या तिच्या अगदी जवळ गेल्या आणि खाली बसल्या. मावशीला त्या कोण, ते माहीत नव्हतं. मी सांगायच्या आत आत्यांनी चुलीखालची राख हातानं बाजूला सारली. चूल एका सपाट दगडावर मांडली होती. दगड अर्धा गाळात रुतलेला, एका बाजूनं फुटका, आणि वर टाकीचे गोल गोल घाव. जात्याची तळी होती ती.

नवरा पुढं झाला. त्यानं पाण्याची घागर उचलली. "इझवा ती चूल," तो मावशीवर ओरडला, "माझी भैन हाय त्याच्याखाली! तुमी तिच्या उरावर भाकरी भाजताय!" त्याला इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. या जन्मात न भेटलेल्या बहिणीसाठी तो घागर उगारून उभा होता.

मावशी पांढरीफटक पडली. हातातला गोळा तसाच. "म्या न्हाय हो दगूड आणला," ती रडत म्हणाली. "हितंच हुता. जड हुता म्हणून हालवला न्हाय, वरच चूल मांडली. मला काय ठावं?"

"घागर ठिव खाली," आत्या म्हणाल्या.

"माय, अगं..."

"ठिव म्हन्ते ना." त्यांनी दोन्ही तळवे गरम दगडावर टेकले. चटका बसत असणार, पण त्यांनी हात काढले नाहीत. "एवढी वर्सं गार पान्यात हुतं लेकरू. रातच्याला मला झोप यायची न्हाय, गारठत असंल म्हणून. आता कुठं ऊब मिळतीय तिला. आन् तू इझवाया निघालास."

नवऱ्यानं घागर खाली ठेवली. चुलीत लाकूड जळत होतं, आणि चहूकडून तो टक् टक् आवाज येत होता.

मावशीनं डोळे पुसले आणि परातीत बघितलं. शेवटचा गोळा उरला होता. बारका. तिनं तो थापला, तव्यावर टाकला, भाजून आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी चानकीवर मीठ भुरभुरलं, तेलाचं बोट फिरवलं आणि ती दगडाच्या कडेला ठेवली.

"माय, आपल्यात पान वाढत न्हाईत," नवरा हळू आवाजात म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता. दीक्षेपासून आमच्या घरात मेलेल्या माणसांना नैवेद्य नाही, पिंड नाही, भुतंखेतं नाहीत, आणि या बाबतीत सगळ्यात कडक कोण असेल तर आत्याच. वस्तीत कुणी चोरून पान वाढलं तर त्या भांडायला जात.

"पान कुठं वाढतीय म्या?" आत्या म्हणाल्या. "लेकराला भूक लागलीय."

मग त्यांनी मावशीकडं ताट मागितलं. त्या तलावातला मासा, जो त्यांनी कधी शिवला नव्हता, तो त्यांनी त्या दिवशी खाल्ला. शिंपल्यांचं कालवण पुन्हा मागून घेतलं. मी पाय पाण्यात सोडले नाहीत. आत्यांनी सोडले, आणि जेवण होईपर्यंत त्या मधूनमधून पाण्यात बघून हसत होत्या, ते मी बघितलं आणि मान फिरवली.

निघताना त्यांनी मावशीचे हात धरले. "चूल हालवू नका," एवढंच म्हणाल्या. मावशीनं ते पाळलं. पाणी आणखी मागं गेलं, गिऱ्हाईक तुटलं, कारण पाय सोडायला पाणी नाही तर एवढ्या गाळातून कोण येणार? ट्रॅक्टर आले आणि गाळ उचलायला लागले. मावशी चुलीपुढून उठली नाही. "हितं माझी खानावळ हाय," म्हणून ड्रायव्हरांच्या अंगावर गेली. त्यांनी सगळीकडचा गाळ नेला आणि तेवढा तुकडा सोडला. खड्ड्यांच्या मध्ये ती जागा उंचवट्यावर राहिली. मला मावशीचा एकदा राग आला होता, याची अजून लाज वाटते.

पुढं पाऊस झाला, तलाव भरत गेला, आणि मावशीला वर यावंच लागलं. मला आत्यांची काळजी वाटत होती. दगड पुन्हा पाण्याखाली गेला हे त्यांना कसं सांगायचं, यावर आम्ही दोघांनी खलबतं केली. शेवटी मीच सांगितलं. आत्या ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता तिथं काय हाय?"

मला ते बोलणं लागट वाटलं. ज्या जागेसाठी जीव टाकला, तिच्याबद्दल एवढंच? पुढच्या रविवारी आम्ही खानावळीत गेलो तेव्हा ती पुन्हा देवळाच्या अंगाला आली होती, बाकडी भरली होती, साहेब लोक पाय सोडून बसले होते. मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, अजून चानकी उरते का. "न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाई यून गेल्या ना, त्या दिसापास्नं एकदाबी न्हाय. म्या तर रोज बघते." तिच्या आवाजात सुटकेपेक्षा रुखरुख जास्त होती.

का उरत नाही, ते मला माहीत होतं. आत्यांना नेलं त्या दिवशी तलावावरून घरी येऊन मी स्वयंपाकाला बसले होते. आमची माणसं ठरलेली, भाकरी ठरलेल्या, पीठ मी मापानं घेते, आजही घेते. तरी परातीत शेवटी एक बारका गोळा उरला. मी तो दुसऱ्या गोळ्यात मिसळून पुन्हा मळला, मोठी भाकरी थापली. परातीत बघितलं तर बोटांना लागलेलं, कडेला चिकटलेलं पीठ गोळा होऊन पुन्हा तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पीठ कमी घेतलं, तरी तेच. पुढं रोजच उरायचा, आणि मी तो झाकून ठेवून दुसऱ्या दिवशीच्या पिठात मिसळायचे. आत्या माझ्या मागं, दाराशी बसलेल्या असत. दारातून अंगणात बघत असत. आमच्या अंगणात तेव्हा काहीच नव्हतं, झाड नाही, कोंबडी नाही.

मावशीला विचारून आले त्या रविवारी संध्याकाळीही तसाच गोळा उरला. मला त्याची भीती वाटली, खरंच वाटली. मी तो खिडकीतून बाहेर टाकायला उचलला.

"टाकू नकोस, पोरी," आत्या म्हणाल्या. त्या उठल्या, फडताळातून बारकी जर्मलची ताटली काढली, पदरानं पुसली आणि माझ्या ताटाशेजारी मांडली. अंगणाकडं बघतच म्हणाल्या, "थाप लवकर. सकाळपास्नं खेळतीय, भुकेजली असंल."

मी चानकी थापली.